सर म्हणाले, "तू जा"

सरांच्या बायकोची शाळेपासूनची एक मैत्रीण लग्न करून दूरदेशी गेली होती आणि तिथे समुद्रकाठच्या एका शहरात राहत होती. शहर इतकं दूर, की जाताना मधे एकदा विमान बदलायचं, आणि इकडे लोक उठून दात घासायला लागतात तेव्हा तिकडचे लोक अजून कालच्याच संध्याकाळी गाणी ऐकत बसलेले. मैत्रीण दर वर्षी फोनवर म्हणायची, "अगं, या की दोघं. खिडकीतून समुद्र दिसतो. संध्याकाळी खाली रस्त्यावर वाजवणारे वाजवत बसतात, म्हातारेकोतारेसुद्धा नाचतात. तयारी काही लागत नाही, नुसतं या." मग सरांची बायको फोनवर हात ठेवून सरांकडे बघायची, आणि सर म्हणायचे, "जाऊ. पण नीट नियोजन करून जाऊ."

सरांना खटकायचं ते 'नुसतं या'. ते एका मोठ्या शाळेत पर्यवेक्षक होते आणि शाळेचं वेळापत्रक त्यांच्या हातचं असायचं. चित्रकलेच्या बाई आणि विज्ञानाचे मास्तर एकाच तासाला एकाच वर्गात घुसलेत, असं त्यांच्या कारकिर्दीत एकदाही घडलं नव्हतं. अशा माणसाने कुठेही 'नुसतं' जायचं म्हणजे न्हाव्याने जटा वाढवून फिरण्यासारखं. त्यामुळे एका वर्षी तिकडचं हवामान आडवं आलं, एका वर्षी मधल्या विमानतळावरचा थांबा. तो थांबा फार मोठा आहे, असं सरांचं म्हणणं पडलं. पुढच्या वर्षी छोट्या थांब्याचं विमान मिळालं, तेव्हा इतक्या थोड्या वेळात सामान एका विमानातून दुसऱ्यात जाईल याची हमी कोण घेणार, असं म्हणणं पडलं. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. डॉक्टरांचं अक्षर वाचण्यात जिची हयात गेली, तिला नवऱ्याच्या चेहऱ्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नव्हतं, असं कोण म्हणेल? पण ती बोलायची नाही. "बरं" म्हणायची आणि दुकानात जायची.

मग एका वर्षी मैत्रिणीचा फोन आला तो वेगळाच. तिच्या मुलाने तिला आपल्याकडे राहायला बोलावलं होतं, समुद्रापासून खूप आत, डोंगरातल्या एका थंड गावात. उन्हाळा संपला की ती समुद्रावरचं घर विकणार होती. "या वर्षी नाही आलात, तर मग समुद्र कॅलेंडरवर बघा," ती म्हणाली.

बायकोने फोन ठेवला, ओट्यावरचं दूध उतरवलं आणि म्हणाली, "मला जायचंय."

'मला' या शब्दाने सुरू होणारी वाक्यं त्या घरात फारशी बोलली जात नसत. बायकोकडून तर नाहीच. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "मग नियोजनाला लागलं पाहिजे."

नियोजनाची बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, कारण समोरच्याच दारात विमानकाका राहायचे. हे गृहस्थ आयुष्यात एकदाच विमानात बसले होते, त्यालाही जमाना झाला, पण ते अजून उतरले नव्हते. कुणी गावाला बसने निघाला तरी ते त्याला कानात कापूस घालायला सांगत. सरांच्या घरी ते त्याच संध्याकाळी आले, खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हे बघा, परदेशप्रवासात माणूस बुडतो तो दोन गोष्टींनी. एक सामान आणि दुसरं कागद."

"म्हणजे कसं?" सरांनी विचारलं. शाळेत ते कुणालाही हा प्रश्न विचारत नसत.

"सामान हरवतं. हरवतंच. दोन बॅगांपैकी एक जाणार, हे धरून चालायचं. म्हणून प्रत्येक बॅगेत निम्मे कपडे तुमचे, निम्मे वहिनींचे. कुठलीही गेली तरी दोघांची अब्रू शाबूत."

सरांना हे फारच पटलं. त्यात वेळापत्रकाचं सौंदर्य होतं.

"आणि कागद?"

"समुद्रावरची हवा. ओली, खारट. कागदाचा लगदा करते. माझ्याबरोबरच्या एका माणसाचा पासपोर्ट अक्षरशः उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. तेव्हा पासपोर्ट प्लास्टिकमध्ये बंद करा, एवढं लक्षात ठेवा."

बायको कपडे घड्या घालत होती. ती म्हणाली, "लोक राहतात की तिथे. त्यांचे कागद कसे टिकतात?"

विमानकाकांनी सरांकडे असं पाहिलं, की आता यावर आपण काय बोलावं. सरांनीही तसंच पाहिलं. पुरुषांमध्ये अशी समजूत फार लवकर होते.

पुढचे दिवस सरांनी खिडक्यांसमोर काढले. विमानाच्या नव्हे, कचेऱ्यांच्या. व्हिसासाठी फोटो दिला, तो परत आला. चेहऱ्यावर भाव आहेत, असा शेरा होता. सरांनी मागच्या कित्येक वर्षांत चेहऱ्यावर भाव येऊ दिला नव्हता. शाळा त्यावरच चालली होती. ते स्टुडिओत पुन्हा गेले. फोटोग्राफर म्हणाला, "काहीच विचार करू नका." सरांना ते जमेना. शेवटी चौथ्या खेपेला जो फोटो मंजूर झाला, त्यातला माणूस पोलिसांना हवा असल्यासारखा दिसत होता. बायकोचा पहिलाच फोटो पास झाला, आणि त्यात ती थोडी हसत होती. सरांनी हा मुद्दा खिडकीवर मांडला. खिडकीने पडदा ओढून घेतला.

शाळेत रजेचा घोळ निराळाच. रजेवर जाणाऱ्या शिक्षकाचे तास दुसऱ्यांना वाटून द्यायचं काम सरांचं. त्यामुळे स्वतःच्या जागी कोण, हेही त्यांनीच ठरवायचं होतं. ते रोज यादी घेऊन बसत आणि रोज त्यांच्या लक्षात येई, की आपलं काम करू शकेल असा माणूस शाळेत नाही. मुख्याध्यापिकाबाई एक दिवस कंटाळून म्हणाल्या, "चित्रकलेच्या बाईंना द्या आणि जा हो एकदाचे." सरांना ते लागलं. पण दिलं.

अखेर व्हिसा आला, तिकिटं आली, आणि सरांना पासपोर्टची आठवण झाली. कोपऱ्यावर ओळखपत्रं करून देणारं एक दुकान होतं. सर तिथे गेले आणि पासपोर्ट पुढे ठेवून म्हणाले, "याला लॅमिनेशन करायचंय. फोटोचं पान आणि हे व्हिसाचं."

दुकानदाराने पासपोर्ट उलटासुलटा पाहिला. धंदा बसलेला माणूस. "दोन थर मारू का? नातवंडांपर्यंत टिकेल."

"मारा," सर म्हणाले.

घरी येऊन त्यांनी तो नळाखाली धरला आणि बायकोला दाखवला. पाणी अळवावरून घसरावं तसं घसरलं. "आण तुझा. उद्या तोही करून आणतो."

बायको पासपोर्ट पर्समध्ये घालत होती. म्हणाली, "माझा राहू दे असाच."

त्यावर सरांनी तिला निष्काळजीपणा या विषयावर बरंच ऐकवलं. तिने ऐकून घेतलं, पण पर्सची चेन काही उघडली नाही.

निघायच्या दिवशी दुपारी इमारत खाली उतरली. कुणी पाण्याच्या बाटल्या दिल्या, कुणी सल्ले. तळमजल्यावरच्या आजींनी सरांना सांगितलं की खिडकीपाशी बसू नका, वारा लागतो. सरांनी झाडांना पाणी घालण्यासाठी घराची दुसरी किल्ली विमानकाकांच्या हाती दिली, आणि सीमेवर निघाल्यासारखे टॅक्सीत बसले. टॅक्सी वळेपर्यंत माणसं हात हलवत होती. इतका मान सरांना नोकरीतून निवृत्त होतानाही मिळेल की नाही, याची शंका होती.

विमानतळावर बायकोची बॅग वजन होऊन पट्ट्यावरून आत गेली. तिला बोर्डिंग पास मिळाला. मग काउंटरवरच्या मुलीने सरांचा पासपोर्ट उघडला, म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. तो दार बिघडलेल्या कपाटासारखा आपोआप मिटत होता.

"सर, हे काय केलंय?"

"संरक्षण," सर म्हणाले.

तिने पान उजेडात धरलं, नखाने खरवडून पाहिलं, वरिष्ठांना बोलावलं. वरिष्ठांनीही नखाने खरवडून पाहिलं.

"हा पासपोर्ट खराब झालेला आहे," वरिष्ठ म्हणाले.

"खराब? अहो, याच्याइतका धड पासपोर्ट तुम्ही आज दुसरा पाहिला नसेल."

"ते खरं आहे. पण यावर शिक्का मारला तर तो ओल्या फडक्याने पुसता येईल. तिकडचे अधिकारी तुम्हाला उतरू देणार नाहीत, आणि आम्ही तुम्हाला चढू देणार नाही."

सरांनी नियम कुठे लिहिलाय ते विचारलं. मुलीने दाखवला. सरांनी तो वाचला, पहिल्यापासून पुन्हा वाचला, त्यात व्याकरणाची एक चूक काढली. पण नियम तसाच राहिला. मागे रांग खोळंबली होती. कुणीतरी "काका, बाजूला होऊन बोला ना" म्हणालं, आणि सर बाजूला झाले. सरांना बाजूला व्हायला सांगितलेलं त्यांच्या बायकोने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

आता सरांच्या हाती एकच गोष्ट उरली होती, ती म्हणजे मनाचा मोठेपणा. ते म्हणाले, "तू जा."

हे त्यांनी कसं म्हटलं ते समजून घेतलं पाहिजे. संसारात काही वाक्यं खरी नसतात, आणि ती खरी नाहीत हे दोघांनाही ठाऊक असतं. पाहुणा 'नको नको, पोट भरलंय' म्हणतो आणि ताट मात्र मागे घेत नाही, तसं. 'तू जा'च्या नंतर तिने म्हणायचं, 'तुमच्याशिवाय मी एकटी कशी जाऊ?' मग यांनी म्हणायचं, 'अगं, पण तुझी मैत्रीण...' मग तिने डोळे टिपायचे आणि दोघांनी टॅक्सी करून घरी यायचं. सरांना हे सगळं पाठ होतं. तिलाही असणार, अशी त्यांची समजूत होती.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं. मग पर्स खांद्यावर सरकवली आणि म्हणाली, "बरं."

"बरं म्हणजे?"

"जाते. डाळ-तांदळाचे डबे खालच्या खणात आहेत. दूध आणलंत तर नासू देऊ नका." दोन पावलं जाऊन ती परत आली, त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली, आणि गेली. काचेच्या दारापलीकडे ती एकदा डावीकडे वळली, मग चुकलंसं वाटून उजवीकडे. सर हात करून खुणा करत होते, पण ती मागे बघत नव्हती.

सर घरी आले ते मागच्या जिन्याने. ज्या माणसाला सगळ्या इमारतीने निरोप दिला, तो त्याच संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन जिन्यात कसा दिसणार? त्यांनी ठरवलं, की दोन-चार दिवस घरात गुपचूप काढायचे, काहीतरी मार्ग निघेल. दिवे लावायचे नाहीत. कुकर लावायचा नाही, शिट्टी होते. बॅग उघडली, तर वर बायकोच्या साड्या आणि खाली त्यांच्या विजारी. शर्ट सगळे दुसऱ्या बॅगेत, म्हणजे ढगांच्या वर कुठेतरी. नियोजन चोख होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर आंघोळ करत होते. विमानकाका झाडांना पाणी घालायला किल्लीने दार उघडून आत आले आणि त्यांना न्हाणीघरात पाण्याचा आवाज ऐकू आला. काकांनी क्षणाचाही वेळ न दवडता बाहेरून कडी घातली आणि जिन्यात जाऊन सांगितलं, की सरांच्या घरात चोर शिरलाय, आणि आंघोळ करतोय.

इमारत पुन्हा जमली. आतून सर म्हणत होते, "अहो, मी आहे."

"कोण मी?" काका.

"मी, सर."

"सर परदेशी गेलेत. खोटं बोलू नकोस. गरम पाणीसुद्धा वापरतोय, बघा."

शेवटी तळमजल्यावरच्या आजींनी आवाज ओळखला. कडी निघाली. सर पंचा नेसून बाहेर आले. कालच निरोप देऊन गेलेले सगळे चेहरे तिथे होते, फक्त आज कुणी हात हलवत नव्हतं. मग विमानतळावर काय झालं ते त्यांना सांगावं लागलं, तेही ओल्या अंगाने.

"लॅमिनेशन?" विमानकाका म्हणाले. "अहो, मी प्लास्टिकचं कव्हर म्हटलं होतं. दुकानात मिळतं ते. साधं."

लोक हळूहळू पांगले. जाता जाता एकीने विचारलं, "आणि वहिनी?"

"ती गेली," सर म्हणाले. ते कानाला फारच वाईट लागलं, म्हणून त्यांनी घाईने जोडलं, "म्हणजे पोचली. सुखरूप."

बायकोचा फोन रोज यायचा. सर इकडून मार्गदर्शन करायचे. संग्रहालय सकाळी बघा, गर्दी नसते. किल्ल्यावर जाताना टोपी. ती "हो, हो" म्हणायची आणि मग सांगायची, की सकाळी उशिरा उठलो, मासळीबाजारात नुसत्याच फिरलो, पाय दुखले म्हणून एका अनोळखी बाईच्या पायरीवर बसलो तर तिने सरबत दिलं. संग्रहालय कुठे आहे ते अजून विचारलेलं नाही. तिच्या मागे नेहमी काहीतरी वाजत असायचं. कधी ती बोलता बोलता थांबून बाजूला कुणाशी तरी हसायची, आणि सर फोन कानाला धरून वाट बघायचे.

एक दिवस तिने फोटो पाठवला. ती समुद्रात गुडघाभर पाण्यात उभी होती, अंगात सरांचा निळा शर्ट, शाळेच्या तपासणीच्या दिवशी घालायचा तो. बाह्या कोपरापर्यंत वळवलेल्या, कॉलर उडालेली, केस ओले. सरांनी तो फोटो मोठा करून पाहिला, मग लहान करून पाहिला. त्या शर्टात इतका वारा मावतो हे त्यांना माहीत नव्हतं. आणि बाई ओळखीची होती, पण ती कुठली ओळख, हे त्यांना नीट आठवेना. लग्नाआधी एकदा बसस्टॉपवर पाहिलेली, तीच असावी.

त्या फोटोनंतर सर उठले आणि पासपोर्टच्या कचेरीत गेले. अजून पंधरवडा बाकी होता. धावपळ केली तर शेवटचे काही दिवस तरी मिळाले असते. तिथे तीन खिडक्या होत्या: हरवलेले, चोरीला गेलेले आणि खराब झालेले. सर तिन्हींसमोर थोडा थोडा वेळ उभे राहिले आणि शेवटी जड मनाने तिसरीसमोर गेले. खिडकीमागच्या साहेबांनी पासपोर्ट बोटाने वाजवून पाहिला.

"कशामुळे झालं ते लिहून द्या."

सरांनी तीन पानं लिहून दिली. त्यात समुद्राची हवा होती, क्षार होते, शेजारी होते. साहेबांनी ती वाचली नाहीत. "एका ओळीत लिहा. कुणी केलं?"

"मीच केलं," सर म्हणाले.

"लिहा तसं." साहेबांनी पुन्हा पासपोर्टकडे पाहिलं. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं. "एवढं करायची गरज काय होती हो? तसाच नेला असता तर काही होत नव्हतं."

सरांनी लिहिलं, सही केली. बाहेर येऊन ते पायरीवर बसले. तसाच नेला असता. नुसते गेलो असतो. या वर्षी, मागच्या वर्षी, त्याच्या मागच्या वर्षी. हवामान, थांबा, सामान. एकेक करून सगळी कारणं त्यांच्या डोळ्यासमोरून गेली, आणि प्रत्येकावर त्यांचंच अक्षर होतं.

नवा पासपोर्ट तातडीने मिळेल, असं कचेरीने सांगितलं. व्हिसाही जुना मंजूर असल्याने लवकर होईल. तिकीटही बदलून मिळत होतं. नियतीने एवढ्या सगळ्या खिडक्या एकदम उघडाव्यात, हे सरांना नवीन होतं. त्यांनी बायकोला फोन केला. "मी येतोय. शेवटचे पाच दिवस मिळतील."

पलीकडे ती गप्प झाली. फार वेळ नाही. घोट गिळायला लागतो तेवढा. मागे वाजणारं मात्र वाजत राहिलं.

"या की," ती म्हणाली. "या ना. इथे आता सामानाची बांधाबांध चाललीय. ती आणि मी खाली गाद्या टाकून झोपतो. पण करू काहीतरी. या."

डॉक्टरांचं अक्षर वाचायला सर शिकले नव्हते, पण ही गप्प राहण्याची जागा त्यांना लख्ख वाचता आली. तिचा आवाज खोटा नव्हता. ते गेले असते तर तिने त्यांना विमानतळावर घ्यायला येणं, टोपी घालणं, संग्रहालय बघणं, सगळं केलं असतं. आणि गाद्यांवरच्या गप्पा थांबल्या असत्या.

"नाही, म्हणजे मी आपलं विचारत होतो," सर म्हणाले. "शाळेतून सारखे फोन येतायत. माझ्यावाचून अडलंय त्यांचं."

"मग राहू दे," ती म्हणाली. लगेच म्हणाली.

शाळेतून एकही फोन आला नव्हता. दुसऱ्या दिवशी सर स्वतःच शाळेत गेले. चित्रकलेच्या बाईंनी वेळापत्रक रंगीत खडूंनी फळ्यावर काढलं होतं आणि शेवटच्या तासाला सगळ्यांना मैदानावर सोडलं होतं. कुणाचं काही अडलेलं दिसत नव्हतं. "सर, तुम्ही रजेवर ना?" बाईंनी विचारलं. सर म्हणाले, "हो, हो, आहेच," आणि परत आले.

बायको आली त्या दिवशी सर विमानतळावर वेळेच्या कितीतरी आधी जाऊन उभे होते. ती रापली होती. निळा शर्ट विटून आकाशी झाला होता. तिने एका हाताने बॅग ओढली आणि सरांनी पुढे केलेल्या हातात नुसती पर्स दिली.

घरी आल्यावर सरांनी चहा केला. ती स्वयंपाकघराच्या खुर्चीवर पाय वर घेऊन बसली. अशी ती पूर्वी बसायची नाही.

"सांग," सर म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

"पहिल्यापासून कसं सांगू?" ती हसली. "थांबा, ते बसचं सांगते. आम्ही एका टेकडीवर निघालो होतो. अर्ध्या वाटेत ड्रायव्हरने बस थांबवली आणि उतरून एका घरात गेला. म्हणाला, सासू आजारी आहे, दोन मिनिटांत भेटून येतो. येईचना. मग एक जण बघायला गेला, तोही येईना. मग आम्ही सगळेच उतरलो. आत गेलो तर सासूबाई धडधाकट, आणि जावयाला अशा फैलावर घेतायत, आणि तो बघायला गेलेला माणूस मधे उभा राहून..." इथे तिला हसू फुटलं. "...आणि त्याच्या हातात त्यांची कोंबडी." ती हसायला लागली. कप खाली ठेवून हसायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं.

"कोंबडी का?" सरांनी विचारलं.

"अहो, तेच तर. धरायला दिली होती. कुणालाच माहीत नाही का." तिला बोलवेना. "आणि तो आम्हाला बघून म्हणाला... नाही, ते त्यांच्या भाषेतच सांगायला पाहिजे. तुम्ही तिथे असायला हवं होतं."

"हो," सर म्हणाले. "असायला हवं होतं."

ती हसतच होती. सरही हसायला लागले. नेमकं कुठे हसायचं ते त्यांना कळलं नव्हतं, म्हणून ती थांबेपर्यंत ते हसत राहिले.